जमीन वाजवून पाहताना

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला गेलो की आपण काय करतो? बोट वाकवून त्याला एक टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर पसंत, बद्द वाजला तर बाजूला. कलिंगडाला थाप मारतो, नारळ कानाशी धरून हलवतो. आत काय आहे ते फोडण्याआधी कळावे, एवढाच हेतू. जमिनीलाही असेच वाजवून पाहता येते, आणि ती उत्तर देते. आज त्याविषयी बोलणार आहे.

मी बी.ए. झालेला माणूस. विज्ञान हा काही माझा विषय नव्हे. कविता लिहितो आणि पोटासाठी भोसरीच्या एमआयडीसीत वर्षानुवर्षे स्टोअर आणि हिशेब सांभाळत आलो. या विषयाशी माझी गाठ पडली ती एका कललेल्या प्रेसमुळे.

१९९६ साल असेल. मी ज्या लहानशा वर्कशॉपमध्ये होतो, तिथल्या मालकांनी कर्ज काढून शंभर टनी पॉवर प्रेस घेतला. फाउंडेशनचा खड्डा खणताना एका कोपऱ्यात पहार टण्णकन वाजली. ठेकेदार म्हणाला, "कातळ लागला, आता चिंता नको." खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला पहार तशी वाजत नव्हती, पण तिकडे कोणी कान दिला नाही. काँक्रीट ओतले, पूजा झाली, पेढे वाटले. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तयार माल नापास होऊन परत येऊ लागला. डाय एका बाजूने झिजत होती. आमच्या फोरमनने लेव्हल लावून पाहिली, तर प्रेस एका अंगाला बसला होता. त्यांनी खाली पत्र्याच्या पट्ट्या सारल्या, बोल्ट आवळले, पुन्हा काँक्रीट भरले. पुढच्या पावसात पुन्हा तेच. शेवटी ते वर्कशॉप बंद पडले आणि आम्ही बाराजण दुसरीकडे काम शोधायला लागलो.

सामान हलवण्याच्या दिवशी शेजारच्या बांधावर शेळ्या चारणारे एक म्हातारबाबा सहज बोलून गेले, "अहो, हितं खाण व्हती. आम्ही पोरं पोहायचो की तिच्यात पावसाळ्यात!"

आता हे नवलाचे नाही. पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर भोसरी वसली आहे. खाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर वाहत आलेल्या लाव्हाचा तो बनलेला. कारखाने वाढले, घरे वाढली, त्यांना खडी लागली. मोशीकडच्या बाजूला खाणी झाल्या. दगड संपला की खड्डा उरतो, आणि वाढत्या शहराजवळ खड्डा फार काळ रिकामा राहत नाही. राडारोडा, कारखान्यांची राख, जुने टायर, पाडलेल्या भिंती, सगळे त्यात जाते. वरून मुरूम पसरला, रोलर फिरवला, की प्लॉट तयार. सातबाऱ्यावर खाणीची खोली कुठे लिहिलेली असते?

मग खाली काय आहे ते कळावे कसे? जुन्या माणसांना विचारावे, हा पहिला मार्ग, आणि मी तो कमी लेखत नाही. वडार समाजातले दगडफोडे घणाच्या आवाजावरून दगडातली चीर ओळखतात. विहिरी खोदणारे पहारीच्या नादावरून सांगतात की आता मुरूम संपून मांजऱ्या खडक लागेल. आमच्या कब्रस्तानात कबर खोदणारे एक चाचा होते. टिकावाचे दोन घाव घातले की म्हणायचे, "इथे नको, चार फुटांवर कातळ आहे, दोन हात पलीकडे घ्या." ते सहसा चुकत नसत. पण त्यांचे ज्ञान सहा फुटांपर्यंतचे, आणि तेही हाताबरोबर गेले. तळहातावर नारळ उभा करून पाणी सांगणाऱ्या पाणाड्यांचे मात्र मला कौतुक नाही. ज्या मुलखात पावसाळ्यानंतर मुरमात बहुतेक ठिकाणी थोडेफार पाणी सापडतेच, तिथे नारळ बरोबर ठरण्याची शक्यता आधीच चांगली असते.

दुसरा मार्ग बोअर घेण्याचा. तो खात्रीचा, पण महाग. आणि तो फक्त त्या एका बिंदूपुरते सांगतो. चादरीला सुईने भोक पाडून तिच्यावरची नक्षी ओळखण्यासारखा हा प्रकार आहे. दोन बोअरमध्ये दोन्हीकडे कातळ लागला, तरी मधून खाणीची कड जात असू शकते.

तिसरा मार्ग वाजवून पाहण्याचा. तो मी प्रत्यक्ष पाहिला २०१४च्या मार्चमध्ये. आमच्या त्या जुन्या वर्कशॉपच्या शेजारचा मोकळा प्लॉट एका उद्योजकाने घेतला होता. त्यांना आमची हकीकत ठाऊक होती. मीच सांगितली होती. त्यांनी बांधकामाआधी भूकंपलहरींचे सर्वेक्षण करून घ्यायचे ठरवले आणि मलाही बोलावले.

भूकंपलहरी म्हटल्यावर मला वाटले, मोठा ट्रक येईल, सुरुंग उडेल. आली एक जीप आणि चार पोरे. सामान म्हणजे एक गुंडाळलेली जाड केबल, बॅटरी, सुटकेसएवढे नोंदणीयंत्र, एक लोखंडी जाड ताट, आठ किलोचा घण आणि पिशवीभर जिओफोन. जिओफोन म्हणजे जमिनीचा मायक्रोफोन. मुठीत मावेल एवढी डबी, खाली खिळा. खिळा जमिनीत ठोकून बसवायचा. डबीच्या आत लोहचुंबक असतो आणि स्प्रिंगवर टांगलेले तारेचे वेटोळे. जमीन हलली की चुंबक तिच्याबरोबर हलतो, वेटोळे जडपणामुळे मागे राहते, आणि दोघांच्या या ओढाताणीत किंचितशी वीज निर्माण होते. सायकलच्या डायनामोचे हे फार नाजूक भावंड.

असे २४ जिओफोन त्यांनी तीन-तीन मीटरवर एका सरळ रेषेत रोवले. ओळीच्या टोकाशी लोखंडी ताट ठेवले. घणाच्या दांड्याला चिकटपट्टीने एक छोटा स्विच बांधलेला. घाव बसला की त्याच क्षणी यंत्रातले घड्याळ चालू होते. पोराने घण उचलला आणि दणका दिला. पडद्यावर २४ रेघा थरथरल्या. जवळच्या जिओफोनला धक्का आधी पोहोचला, लांबच्याला नंतर. मोजायचे ते एवढेच, की कोणाला किती वेळाने कळले.

वेळेवरून खोली कशी कळते, हा यातला गमतीचा भाग. धक्क्याची लहर मऊ मातीतून सावकाश जाते, सेकंदाला काही शे मीटर, म्हणजे जवळपास हवेतल्या आवाजाच्या चालीने. झिजलेल्या मुरमाड खडकातून ती एक-दोन हजार मीटरने जाते. घट्ट बेसाल्टमधून पाच हजार मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने धावते. आता असे समजा की भोसरी गावठाणातून तुम्हाला दोन गल्ल्या सोडून जायचे आहे. तुम्ही गल्लीतूनच जाल. पण चाकणला जायचे असेल तर आधी थोडे वाकडे जाऊन नाशिक हायवे गाठाल, कारण वळसा पडला तरी पुढे वेग मिळतो. गल्लीबोळातून निघालेला माणूस तुमच्या मागून पोहोचेल. लहरही तेच करते. जवळच्या जिओफोनपाशी वरच्या मातीतून सरळ आलेली लहर पहिली पोहोचते. लांबच्यापाशी मात्र खाली कातळात उतरून, कातळाच्या माथ्यावरून धावून, पुन्हा वर आलेली लहर बाजी मारते. याला अपवर्तन म्हणतात.

आलेखावर अंतर आडवे आणि वेळ उभी मांडली, तर सुरुवातीला एक चढी रेघ दिसते आणि एका ठिकाणी ती मोडून तिची चढण कमी होते. ज्या अंतरावर ती मोडते, तिथे हायवेने गल्लीला गाठलेले असते. वरच्या थरात वेग ५०० मीटर, खालच्यात २५०० मीटर आणि रेघ १५ मीटरवर मोडली, तर शाळेतल्या गणिताने खालच्या थराची खोली सहा मीटरच्या आसपास येते. हायवे जितका लांब, तितकी रेघ उशिरा मोडणार. मला बी.ए.वाल्यालाही हे कळले, म्हणजे तुम्हाला कळले असणारच.

एका टोकाने घाव घालून ते थांबले नाहीत. दुसऱ्या टोकाने घातला, मधूनही घातला. कारण खालचा कातळ तिरका असेल तर उतारावरून आणि चढावरून येणाऱ्या वेळा वेगळ्या पडतात. एकाच बाजूने ऐकले तर जमीन तुम्हाला फसवते. बाजू दोन्ही ऐकाव्या लागतात.

अडचण वेगळीच होती. भोसरीत शांतता कुठली? पलीकडे प्रेस ठोकत होते, फोर्जिंगचे हातोडे पडत होते, हायवेला कंटेनर घरघरत होते. जिओफोनला हे सगळे ऐकू येते. त्यावर त्यांचा उपाय पाहून मला मुशायरा आठवला. तिथे चांगली ओळ आली की श्रोते "मुकर्रर" म्हणतात, म्हणजे पुन्हा म्हणा. हे लोकही एकाच ठिकाणी आठ-दहा वेळा घाव घालतात आणि सगळ्या नोंदी एकमेकींवर रचून बेरीज करतात. घणाची लहर दर वेळी ठरल्या वेळीच येते, म्हणून ती बेरजेत वाढत जाते. ट्रकचा गोंगाट कधी वर, कधी खाली. तो एकमेकांना खाऊन टाकतो. तरीही जेवणाच्या सुट्टीत, जेव्हा आजूबाजूचे प्रेस थांबले, तेव्हा त्यांनी सगळ्यांत चांगल्या नोंदी घेतल्या.

ही कल्पना जुनी आहे. आयर्लंडमधले अभियंते रॉबर्ट मॅलेट यांनी १८४९ साली डब्लिनजवळच्या किलिनीच्या किनाऱ्यावर वाळूत बंदुकीची दारू पुरून उडवली आणि लांबवर पाऱ्याचे भांडे ठेवून त्याच्यावरची थरथर पाहिली. ओल्या वाळूत त्यांना वेग मिळाला सेकंदाला सुमारे २५० मीटर. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या लुडगर मिंट्रोप यांनी अपवर्तनाची पद्धत खनिजांच्या शोधासाठी पुढे आणली. आपल्या राज्यात धरणांच्या जागा तपासताना ही पद्धत वापरली गेली. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, जिची सुरुवात १९१६ सालची, असे काम करत आली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात कोयना परिसरात केळशी ते लोणी आणि गुहागर ते चोरोची अशा लांबलचक रेषांवर सुरुंग उडवून कित्येक किलोमीटर खोलवरचे ऐकले. आमच्या प्लॉटवरचा घण हे त्याच घराण्यातले शेंडेफळ.

मुलांनी त्याच जिओफोननी आणखी एक गोष्ट मोजली. घाव बसला की काही लहरी आत जातात, पण बरीचशी शक्ती तळ्यातल्या तरंगांसारखी पृष्ठभागावरून पसरते. तेल शोधणारे लोक तिला कटकट समजून गाळून टाकायचे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतल्या तिघा संशोधकांनी १९९९ साली या कटकटीचीच मोजणीची पद्धत करून दाखवली. आखूड तरंग जमिनीच्या वरवरच्या थरातूनच जातात, लांब तरंगांचे पाय खोलवर पोहोचतात. खाली घट्ट खडक असेल तर लांब तरंग पुढे पळतात. कोणता तरंग किती वेगाने गेला हे पाहून खालच्या थरांचा ताठरपणा काढता येतो. यात घणाचीही गरज लागत नाही, रस्त्यावरच्या रहदारीचा थरकाप पुरतो. गोंगाटातून जमीन वाचण्याचे हे तत्त्व जपानच्या केइती आकी यांनी १९५७ मध्येच मांडले होते. म्हणजे ज्या कंटेनरना आम्ही शिव्या देत होतो, तेच कामाला आले. २०२०च्या टाळेबंदीत भोसरी मूक झाली, तेव्हा मला हे आठवले. त्या काळात माणसांमुळे होणारी जमिनीची थरथर जगभरात पन्नास टक्क्यांपर्यंत घटल्याचे भूकंपमापकांवर नोंदले गेले आहे.

हा ताठरपणा मोजणे केवळ प्रेससाठी नाही. भूकंपाचा धक्का मऊ थरात शिरला की मंदावतो आणि फुगतो. १९ सप्टेंबर १९८५ला मेक्सिको सिटीत हाहाकार झाला, तेव्हा भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होते; शहर मात्र जुन्या तळ्याच्या गाळावर उभे होते. २६ जानेवारी २००१ला भूज हादरले आणि दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत, साबरमतीच्या गाळावर, बहुमजली इमारती कोसळल्या. म्हणून वरच्या ३० मीटरमध्ये दुय्यम लहरींचा सरासरी वेग किती, यावरून जमिनीची प्रतवारी करतात. ७६०च्या वर असेल तो खडक, १८०च्या खाली असेल ती फार मऊ जमीन. आणि आपले किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची. तिथे मारले ते मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि जड धाब्यांनी. ते सगळे जमिनीवर ढकलून चालणार नाही. पण पुन्हा घरे बांधायची तर पायाखाली काळी माती किती हात आहे, हे विचारायलाच हवे.

किल्लारीचा उल्लेख दुसऱ्या कारणानेही करायचा होता. भूकंपानंतर तिथे खोल बोअर घेतले गेले. ३३८ मीटर बेसाल्ट लागला, आणि त्याखाली आठ मीटर जाडीचा मऊ गाळाचा थर, मग जुना पाया-खडक. घणाच्या पद्धतीला हा थर दिसला नसता. का? लहर हायवे पकडते ती खाली वेग जास्त असेल तरच. कडक थराखाली मऊ थर असेल, तर लहर तिथून वर न येता आणखी खाली वाकते, आणि पडद्यावर त्या थराची काहीच निशाणी राहत नाही. महाराष्ट्राची जमीन तर अशा थरांचीच बनली आहे. एका लाव्हाच्या थराचा कातळ, त्याखाली बुडबुड्यांनी पोखरलेला मांजऱ्या, मध्येच गेरूसारखी तांबडी माती, पुन्हा कातळ. विहिरीत उतरलेल्या कोणालाही हे थर दिसतात. पाणीही बहुधा त्याच मऊ पट्ट्यांत असते. वेग पाच हजार आला, म्हणून "खाली सगळा कातळच" असे म्हणणारा तज्ज्ञ आणि आमचा तो ठेकेदार यांच्यात मग फारसा फरक उरत नाही. पृष्ठलहरींची पद्धत अशा ठिकाणी थोडी मदत करते, पण खात्रीसाठी एखादे बोअर घ्यावेच लागते. फरक एवढा, की ते कुठे घ्यायचे हे आता ठाऊक असते.

आणखी एक चकवा पाण्याचा. पाण्याने भरलेल्या मुरमात प्राथमिक लहरींचा वेग १५०० मीटरच्या आसपास जातो, कारण पाण्यातला वेगच तेवढा आहे. पावसाळ्यात मोजले तर पाण्याची पातळीच खडकासारखी भासू शकते. दुय्यम लहरी पाण्यातून जात नाहीत, त्यामुळे त्या या भुलाव्यात सापडत नाहीत. दोन्ही मोजायच्या त्या यासाठी. मार्च महिना निवडण्यामागे हेही एक कारण होते.

मोठ्या कामांत हे सगळे आता रुळले आहे. ६ मार्च २०२२ला पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली, तिच्या खांबांखालची जमीन तपासल्याशिवाय खांब उभे राहिले नाहीत. (त्या मार्गावरच्या नाशिक फाट्यावरच्या स्थानकाला सुरुवातीला भोसरी हे नाव दिले होते, हे आम्हा भोसरीकरांना कधी पचले नाही.) प्रश्न आहे तो दहा गुंठ्यांवर शेड टाकणाऱ्याचा, किंवा गुंठाभर जागेत घर बांधणाऱ्याचा. तो मुहूर्त विचारतो, वास्तू विचारतो, पत्र्याचा आणि सिमेंटचा भाव विचारतो. जमिनीला काही विचारत नाही. दोष त्याचाच आहे असे मी म्हणत नाही. त्याला असे काही असते, हे कोणी सांगितलेलेच नसते.

तर त्या दिवशी प्लॉटवर काय निघाले? पश्चिमेच्या बाजूच्या जिओफोनवर लहरी वेळेवर येत होत्या; कातळ तिथे मीटरभर खाली होता. पंधराव्या जिओफोनपासून पुढे सगळ्या रेघा एकदम मागे सरकल्या, सुमारे बारा मिलिसेकंद. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले बारा. घणाचा आवाज तोच, केबल तीच, पण पूर्वेकडच्या जमिनीला कळायला तेवढा उशीर लागत होता. मुलांनी दुसऱ्या टोकाने पुन्हा घाव घातले. तेच निघाले. मग समांतर आणखी दोन ओळी टाकल्या आणि जिथे जिथे रेघ मागे सरकत होती, तिथे फक्कीने खूण केली. संध्याकाळपर्यंत प्लॉटवर एक पांढरी वाकडी रेषा उमटली. ती आमच्या जुन्या शेडच्या भिंतीखाली शिरत होती, बरोबर प्रेस होता त्या कोपऱ्याकडे.

चार दिवसांनी तिथे पोकलेन लावला. रेषेच्या पूर्वेला आधी राख निघाली, मग विटांचे तुकडे, एक टायर, सिमेंटचा मोडका खांब. कातळ लागला वीस फुटांवर. त्याच्यावर सुरुंगाच्या पहारीच्या खाचा अजून स्पष्ट दिसत होत्या. मालकांनी नकाशा मागवला, प्रेसची जागा पेन्सिलने खोडली आणि रेषेच्या पश्चिमेला सहा मीटर आत घेतली. आमचे जुने फोरमन, आता निवृत्त, ते पाहायला आले होते. त्यांनी वाकून खाचांवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "भाई, त्या वेळी आपण दुसऱ्या कोपऱ्यात पहार मारली होती ना, ती कशी वाजली होती, आठवतं?"